वासा जहाज: सांगितली जाणारी गोष्ट आणि घडलेली गोष्ट

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथल्या एका संग्रहालयात सतराव्या शतकातलं अख्खं लाकडी युद्धजहाज उभं आहे. त्याचं नाव वासा. १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदराच्या आतच ते बुडालं आणि १९६१ साली पाण्याबाहेर आलं. आज जे दिसतं त्यातलं सुमारे ९८ टक्के मूळचंच आहे. दर वर्षी दहा लाखांहून अधिक लोक ते बघायला येतात. त्याची गोष्टही जगभर सांगितली जाते: हट्टी राजा, जड तोफा, बुडालेलं जहाज आणि तीन शतकांनी ते शोधून काढणारा एकांडा शिलेदार. गोष्ट रंगतदार आहे, पण तिच्यातले बरेच तपशील पुराव्यापुढे टिकत नाहीत. शिवाय तिच्यामुळे खरं काम ज्यांनी केलं, ती माणसं झाकली जातात.

‘वादळाने घात केला’

१० ऑगस्ट १६२८ च्या त्या दुपारी वादळ नव्हतंच. वारा मंद होता आणि दहापैकी चारच शिडं उभारली होती. सलामीच्या तोफा झडायच्या होत्या, म्हणून तोफांच्या झडपा उघड्या होत्या. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं आणि सावरलं. दुसरी जराशी जोराची आली, तेव्हा ते डाव्या बाजूला इतकं कललं की खालच्या ओळीतल्या झडपांतून पाणी आत शिरलं. जेमतेम १३०० मीटर अंतर कापून, किनाऱ्यावरच्या गर्दीदेखत, वासा ३२ मीटर खोल पाण्यात गेलं. मृतांचा आकडा साधारण ३० धरला जातो. पुढे ३०० सैनिक चढायचे होते, ते अजून जहाजावर आले नव्हते.

‘तोफा जास्त झाल्या, राजाने एक मजला वाढवला’

हा सगळ्यात घट्ट रुजलेला समज. बांधकाम चालू असताना राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने तोफांचा दुसरा मजला चढवायला लावला आणि त्यामुळे जहाज डोईजड झालं, असं पुस्तकांतही छापलेलं सापडतं. जहाजाच्या लाकडांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना मात्र मजला मागाहून चढवल्याचा पुरावा मिळालेला नाही.

तोफांचं वजनही बघू. एकूण ६४ तोफा, त्यांतल्या ४८ मोठ्या, २४ पौंडी गोळा फेकणाऱ्या. सगळ्या मिळून साठेक टन. जहाजाचं एकूण वजन सुमारे १२०० टन. म्हणजे तोफांचा वाटा वीसातला एक. खरा दोष जहाजाच्या सांगाड्यात होता. पाण्याच्या वरच्या भागात लाकूड फार होतं, तुळया जाड होत्या, आणि खालचं पोट त्या मानाने अरुंद होतं. तोल राखायला तळाशी सुमारे १२० टन दगडांचं वजन (नीरम) भरलं होतं, पण तेवढ्याने तोल सांभाळला गेला नाही.

राजाला यातून पूर्ण सोडवता येत नाही. मापं त्याने मंजूर केली होती, जहाज त्याला लवकर हवं होतं, कारण पोलंडशी युद्ध चालू होतं आणि तो स्वतः तेव्हा प्रशियात होता. पण त्या काळी जहाजाचा तोल आधीच मोजायचं गणितच उपलब्ध नव्हतं. मिस्त्री अनुभवाने अंदाज बांधत. मुख्य मिस्त्री हेन्रिक हिबर्टसन हा डच माणूस आजारी पडून १६२७ मध्ये वारला आणि काम त्याचा साहाय्यक हाइन याकोब्सन याच्याकडे आलं.

कुणालाच धोका कळला नव्हता, असंही नाही. निघण्यापूर्वी व्हाइस ॲडमिरल क्लास फ्लेमिंग याच्यासमोर ३० माणसांना डेकवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली होती. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की फ्लेमिंगने चाचणी थांबवली. तरी जहाज निघालं. या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. धोका डोळ्यांनी दिसला होता आणि जहाज थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस तिथेच उभा होता. पुढे चौकशी झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही.

अलीकडे आणखी एक स्पष्टीकरण फिरतं. जहाजावर चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. वेगवेगळे कारागीर वेगवेगळ्या मापांनी काम करत होते आणि जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, हे खरं. पण बुडण्याचं मूळ कारण हे नव्हे. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असत्या तरी त्या जहाजाचा गुरुत्वमध्य तेवढाच उंच राहिला असता.

दोष तोफांत नव्हे, सांगाड्यात होता, याला एक दाखला आहे. त्याच याकोब्सनने वासाच्या पाठोपाठ ‘एप्लेट’ नावाचं जोडीचं जहाज बांधलं. १६२९ मध्ये ते पाण्यात उतरलं. दोन मजले तोफा त्यावरही होत्या, फक्त रुंदी थोडी वाढवली होती. ते तीस वर्षं नौदलात राहिलं.

‘जहाज हरवलं होतं’

वासा कुठे बुडालं हे तेव्हाच्या स्टॉकहोममध्ये सर्वांना ठाऊक होतं. तीन दिवसांतच इयन बुल्मर नावाच्या इंग्रजाला ते वर काढायची परवानगी मिळाली. त्याने कललेलं जहाज तळावर सरळ केलं, पुढे त्याचं काही चाललं नाही.

खरा पराक्रम १६६४ मधला. आल्ब्रेख्ट फॉन ट्रायलेबेन आणि त्याच्या साथीदारांनी पाणबुड्यांना घंटेच्या आकाराच्या धातूच्या भांड्यातून खाली सोडलं. भांड्याच्या वरच्या भागात हवा अडकून राही, पाणबुड्या त्याच हवेवर श्वास घेत खालच्या फळीवर उभा राही. पाणी बर्फासारखं गार, उजेड नाही, हातात आकडा लावलेली लांब काठी. तशा स्थितीत त्यांनी एकेक टनाहून जड अशा पन्नासहून अधिक कांस्याच्या तोफा झडपांतून बाहेर ओढून वर पाठवल्या. तोफा गेल्यावर उरलेल्या लाकडात कुणाला रस उरला नाही. त्यानंतर हळूहळू जागेचा विसर पडला.

अँडर्स फ्रांझेन याला म्हणूनच शोधाचं श्रेय जरूर द्यावं, पण योगायोगाने सापडलं असं म्हणू नये. नौदलात इंधनाचं काम पाहणारा हा अभियंता अनेक वर्षं जुनी कागदपत्रं चाळत होता आणि सुट्टीत बंदराचा तळ धुंडाळत होता. २५ ऑगस्ट १९५६ रोजी त्याच्या नमुना काढणाऱ्या पोकळ उपकरणात काळ्या ओक लाकडाचा तुकडा आला. पुढच्या काही दिवसांत पाणबुड्या पेर एडविन फेल्टिंग खाली उतरला. गाळात त्याला काहीच दिसत नव्हतं. हातांनी चाचपताना त्याला झडपांची एक ओळ लागली आणि तिच्यावर आणखी एक. दोन मजल्यांचं जहाज. ते वासाच असणार होतं.

‘दोर बांधले आणि उचललं’

वर काढायला पाच वर्षं लागली. नौदलाच्या पाणबुड्यांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जहाजाखालच्या मातीतून सहा बोगदे खणले. डोक्यावर जुनं जहाज आणि त्यातले दगड, भोवती मिट्ट काळोख. त्या बोगद्यांतून पोलादी दोर ओवले आणि वर पाण्याने भरलेल्या दोन तरंगत्या पेट्यांना बांधले. पेट्यांतलं पाणी उपसलं की त्या वर येत आणि जहाज थोडंसं उचललं जाई. ऑगस्ट १९५९ मध्ये ते पहिल्यांदा गाळातून सुटलं. टप्प्याटप्प्याने ते सुमारे १६ मीटर खोलीवर आणलं. मग सुमारे दीड वर्ष पाणबुड्यांनी झडपा बंद केल्या आणि गंजून गेलेल्या खिळ्यांची हजारो भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली. २४ एप्रिल १९६१ रोजी काठ पाण्यावर आला. ४ मे रोजी वासा स्वतःच्या तळावर तरंगत गोदीत शिरलं. हजाराहून जास्त बुड्या मारल्या गेल्या आणि एकाही पाणबुड्याचा जीव गेला नाही. छायाचित्रं मात्र फ्रांझेनची जास्त छापली गेली.

‘थंडीमुळे टिकलं’

थंडीने मदत केली, पण मुख्य कारण पाण्यातलं कमी मीठ. लाकूड पोखरणारा शिपवर्म हा शिंपल्यांच्या कुळातला अळीसारखा प्राणी बाल्टिकच्या मचूळ पाण्यात जगत नाही. शहराच्या सांडपाण्याने त्या बंदरातला प्राणवायूही कमी केला होता, त्यामुळे लाकूड कुजवणारे जंतूही मंदावले. आपल्या अरबी समुद्रात हे नशीब नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफ इथे सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. तिथे तोफा, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी मिळाली, जहाजाचा लाकडी देह मात्र मिळाला नाही.

‘मेले ते सगळे खलाशी पुरुष’

जहाजात किमान पंधरा जणांच्या अस्थी सापडल्या. त्यांतल्या एका सांगाड्याला ‘जी’ हे अक्षर दिलं होतं आणि लोक त्याला पुरुष समजून ‘गुस्ताव’ म्हणत. २०२३ मध्ये डीएनए तपासणीतून ती स्त्री असल्याचं जाहीर झालं. पहिल्या टप्प्यापुरतं कुटुंबीयांना बरोबर नेण्याची खलाशांना मुभा होती. अशी ती कुणाची तरी असेल.

‘वर आलं म्हणजे वाचलं’

हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. ओलं लाकूड तसंच वाळू दिलं असतं तर ते आक्रसून फुटलं असतं. म्हणून १९६२ पासून सतरा वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी केली. आवळा पाकात मुरवावा तसं लाकूड त्यात मुरवलं, मग आणखी नऊ वर्षं सावकाश वाळवलं. नवं संग्रहालय उघडलं १९९० मध्ये. २००० सालच्या दमट उन्हाळ्यात लाकडावर आम्लाचे डाग फुटले. ज्या घाण पाण्याने जहाज टिकवलं, त्यातलाच गंधक आत मुरला होता. गंजलेल्या लोखंडाच्या संगतीने त्याचं गंधकाम्ल होत होतं. हवेतली आर्द्रता काटेकोर सांभाळावी लागली, हजारो लोखंडी बोल्ट काढून खास पोलादाचे बसवावे लागले. लाकूड आता पूर्वीइतकं बळकट नाही, जहाज स्वतःच्या वजनाने खचतं आहे, म्हणून २०२४ पासून त्याच्यासाठी नवा आधारसांगाडा उभारण्याचं काम सुरू झालं.

एप्लेटही सापडलं. १६५९ मध्ये शत्रूची वाट अडवायला स्वीडनने ते वॅक्सहोमजवळ मुद्दाम बुडवलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये संशोधकांना त्याचे अवशेष दिसले. त्याचा ओक वासाच्या लाकडाच्याच प्रदेशातला, १६२७ मध्ये तोडलेला. लाकडाचे नमुने घेतले, मोजमापं केली आणि जहाज पाण्यातच ठेवलं. वासाचा साठ वर्षांचा अनुभव पाहता तो निर्णय बरोबर आहे.