अमेरिकी राज्यघटनेतील काही मूलभूत संकल्पना : संहिता, वाद आणि अन्वयार्थ

प्रास्ताविक

तुलनात्मक शासनसंस्थांच्या अभ्यासात अमेरिकेच्या राज्यघटनेला अग्रस्थान दिले जाते. सत्ताविभाजन, नियंत्रण व संतुलन, न्यायालयीन पुनर्विलोकन, संघराज्य आणि कायद्याची उचित प्रक्रिया या पाच संकल्पनांभोवती त्या प्रकरणाची मांडणी साधारणपणे केलेली असते. विद्यार्थी या संकल्पनांच्या व्याख्या पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत 'अमेरिकी राज्यघटनेने न्यायालयास पुनर्विलोकनाचा अधिकार दिला आहे' असे विधान निःशंकपणे लिहितात. अनेक संदर्भपुस्तिकांतही ते आढळते. परंतु १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झालेली सुमारे साडेचार हजार शब्दांची मूळ संहिता आणि १९९२ पर्यंत तिला जोडल्या गेलेल्या २७ दुरुस्त्या वाचल्या, तर 'न्यायालयीन पुनर्विलोकन' हा शब्दप्रयोग त्यांत सापडत नाही. 'सत्ताविभाजन' नाही, 'नियंत्रण व संतुलन' नाही. 'संघराज्य' या अर्थाचा इंग्रजी शब्ददेखील नाही. पाचांपैकी केवळ 'उचित प्रक्रिया' हे शब्द तिथे आहेत आणि गंमत अशी, की सर्वाधिक वाद त्यांच्याच अर्थाविषयी झाला आहे.

या संकल्पना अमेरिकेच्या संहितेत तयार स्वरूपात दिलेल्या नाहीत. संहितेच्या रचनेतून आणि प्रत्यक्ष वादांतून त्या घडत गेल्या आहेत. म्हणूनच त्या बदलतात, विस्तारतात आणि प्रसंगी मागेही घेतल्या जातात. ही गोष्ट दुर्लक्षिली, तर गेल्या काही वर्षांतील अमेरिकी घडामोडींचे आकलनच होत नाही. या दृष्टीने वरील संकल्पनांचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सत्तांचे विभाजन की संस्थांचे?

घटनेच्या पहिल्या तीन अनुच्छेदांत अनुक्रमे काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायसंस्था यांची तरतूद आहे. या मांडणीवरून तीन सत्ता तीन स्वतंत्र कप्प्यांत ठेवल्या आहेत, असा समज होतो. मॅसॅच्युसेट्स या राज्याच्या १७८० च्या घटनेत एका शाखेने दुसरीची सत्ता कधीही वापरू नये, असे स्पष्ट कलम होते. संघाच्या घटनेत तसे कलम घालण्याचा प्रस्ताव १७८९ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी मांडला. प्रतिनिधिगृहाने तो स्वीकारला, सिनेटने फेटाळला. म्हणजे ते शब्द अनवधानाने राहून गेलेले नाहीत. विचारार्थ येऊन ते नाकारले गेले आहेत.

मॅडिसन यांनी 'फेडरलिस्ट' लेखमालेतील ४७ व्या लेखात केलेला युक्तिवाद येथे महत्त्वाचा ठरतो. माँटेस्क्यू यांना शाखांमधील सर्व संबंध तोडावयाचे नव्हते. एका शाखेची संपूर्ण सत्ता दुसरीच्या हाती जाऊ नये एवढेच त्यांना अभिप्रेत होते, असे मॅडिसन यांचे म्हणणे होते. त्यानुसार राष्ट्राध्यक्षाला विधेयकावर नकाराधिकार आहे. दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश बहुमताने तो निष्प्रभ करता येतो. करार राष्ट्राध्यक्ष करतो, परंतु त्यास सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. न्यायाधीशांचे नामनिर्देशन तो करतो, संमती सिनेट देते. रिचर्ड न्यूस्टॅट यांनी १९६० साली या व्यवस्थेचे वर्णन, संस्था वेगळ्या परंतु सत्तेत त्यांची भागीदारी, अशा आशयाने केले. आपल्या पाठ्यपुस्तकांतील व्याख्येपेक्षा ते अधिक नेमके आहे. 'नियंत्रण व संतुलन' हा सत्ताविभाजनाला जोडलेला अपवाद नसून तेच त्याचे प्रत्यक्ष रूप होय.

याचे सर्वोत्तम उदाहरण १९५२ चे यंगस्टाउन प्रकरण आहे. कोरियन युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप होऊ घातला. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ८ एप्रिल १९५२ रोजी आदेश काढून पोलाद कारखाने शासनाच्या ताब्यात घेण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश रद्द ठरवला. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचे सहमतीचे निकालपत्र पुढे बहुमताच्या निकालपत्रापेक्षाही अधिक उद्धृत झाले. त्यांच्या मते राष्ट्राध्यक्षाची सत्ता कायम एकाच मापाची नसते. काँग्रेसच्या अनुमतीने तो वागतो तेव्हा ती सर्वाधिक असते; काँग्रेस मौन बाळगते तेव्हा ती संदिग्ध असते; काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध तो वागतो तेव्हा ती किमान पातळीवर येते. असे कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार देण्याचा विचार काँग्रेसने १९४७ मध्ये केला होता आणि तो नाकारला होता. त्यामुळे ट्रुमन तिसऱ्या स्थितीत सापडले.

उलट दिशेचा दाखला १९८३ च्या चढ्ढा प्रकरणाचा. केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे जगदीश राय चढ्ढा यांची हद्दपारी प्रशासनाने स्थगित केली होती. कायद्यानुसार एकाच सभागृहाच्या ठरावाने ती स्थगिती उठवता येत असे आणि प्रतिनिधिगृहाने तसा ठराव केला. न्यायालयाने ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. कायद्याचा परिणाम घडवावयाचा असेल, तर दोन्ही सभागृहांची संमती घेऊन विधेयक राष्ट्राध्यक्षापुढे ठेवलेच पाहिजे, असे त्याने बजावले. या निकालानंतरही अशा तरतुदी अमेरिकी कायद्यांतून पूर्णतः नाहीशा झाल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. निकाल एक सांगतो, व्यवहार दुसरेच करतो. हा अनुभव केवळ आपलाच नाही.

संहितेतील मौनाचा अर्थ किती दूर नेता येतो, हे १ जुलै २०२४ च्या 'ट्रम्प विरुद्ध युनायटेड स्टेट्स' निकालाने दिसले. काँग्रेसच्या सदस्यांना सभागृहातील भाषणाबद्दल संरक्षण देणारे कलम घटनेत आहे. राष्ट्राध्यक्षाला फौजदारी खटल्यापासून संरक्षण देणारे कलम नाही. तरीही सहा न्यायाधीशांच्या बहुमताने, राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांतील कृतींना संपूर्ण आणि अन्य अधिकृत कृतींना किमान गृहीत स्वरूपाचे संरक्षण आहे, असे ठरवले. त्यासाठी आधार घेतला तो सत्ताविभाजनाच्या तत्त्वाचाच. जो शब्द १७८९ मध्ये सिनेटने नाकारला, त्याच्या बळावर संहितेत नसलेले संरक्षण निर्माण झाले. या निकालाशी सहमत असणे वा नसणे वेगळे. पण संकल्पना कशी काम करते ते यातून स्पष्ट होते.

न्यायालयीन पुनर्विलोकन

प्रथम संज्ञेविषयी. मराठीत 'पुनर्विलोकन' हा शब्द न्यायालयाने स्वतःचाच निर्णय पुन्हा तपासण्यासाठीही वापरला जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. येथे अभिप्रेत असलेली तपासणी निकालाची नसून कायद्याची वा शासकीय कृतीची, आणि तीही घटनेच्या कसोटीवर, हे वर्गात आरंभीच सांगावे.

१८०० च्या निवडणुकीत पराभूत झालेल्या जॉन अ‍ॅडम्स यांनी पद सोडण्यापूर्वी घाईने अनेक नेमणुका केल्या. विल्यम मार्बरी यांची कोलंबिया जिल्ह्यात 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणून झालेली नेमणूक त्यांपैकी एक. नेमणूकपत्रावर सही झाली, मोहोर उमटली, परंतु ते त्यांच्या हाती पडले नाही. पत्रे पोचवण्याची जबाबदारी ज्यांची होती ते परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल हेच तोवर सरन्यायाधीशही झाले होते! नवे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या शासनाने पत्र अडवून ठेवले. मार्बरी यांनी परमादेशासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली.

मार्शल यांच्यापुढे दुहेरी पेच होता. आदेश द्यावा, तर जेफरसन तो धुडकावतील. नाकारावा, तर न्यायालय घाबरले असे दिसेल. २४ फेब्रुवारी १८०३ च्या निकालात त्यांनी मार्बरी यांचा हक्क मान्य केला, कायद्यात त्यावर उपाय असतो हेही सांगितले. मात्र १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या कलम १३ ने या न्यायालयास दिलेले मूळ अधिकारक्षेत्र तिसऱ्या अनुच्छेदापेक्षा विस्तृत आहे, म्हणून ते कलमच अवैध ठरते, असा निर्णय दिला. शासनाने पाळावा वा मोडावा असा कोणताही आदेश उरला नाही. मार्बरी यांना पद मिळाले नाही; न्यायालयाने एक लहान अधिकार सोडला आणि फार मोठा मिळवला.

मार्शल यांचा युक्तिवाद शून्यातून आलेला नव्हता. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 'फेडरलिस्ट'च्या ७८ व्या लेखात तो आधीच मांडला होता. परंतु काँग्रेसचा कायदा रद्द करण्याचा पुढचा ठळक प्रसंग आला तो थेट १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट प्रकरणात. आणि तो गुलामगिरीच्या बाजूने होता. हक्कांचे रक्षण आणि न्यायालयीन पुनर्विलोकन यांचे समीकरण आपण ज्या सहजतेने मांडतो, ती सहजता या इतिहासाला पेलवत नाही. न्यायालयाचा अन्वयार्थ इतर सर्वांवर बंधनकारक आहे, हा पुढचा दावा तर १९५८ च्या कूपर विरुद्ध आरन प्रकरणात, लिटल रॉक येथील शाळांमधील वंशभेदाच्या संदर्भात, ठामपणे केला गेला.

भारतीय घटनेशी तुलना करताना दोन भेद ध्यानात ठेवावेत. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत ठरतील असे आपला अनुच्छेद १३ स्पष्टपणे सांगतो. अमेरिकेत ते अनुमानाने सिद्ध करावे लागले. दुसरे असे, की अनुच्छेद १४३ नुसार आपले राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागू शकतात. अमेरिकी न्यायालय मात्र प्रत्यक्ष वादाशिवाय मत देत नाही. वॉशिंग्टन यांच्या शासनाने १७९३ मध्ये तसा सल्ला मागितला असता न्यायाधीशांनी नम्रपणे नकार दिला होता.

संघराज्य : एका गाळलेल्या शब्दाची कथा

१७८१ च्या महासंघाच्या करारात, संघाला 'स्पष्टपणे' न दिलेले अधिकार राज्यांकडे राहतील असे म्हटले होते. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत तो आशय आला, परंतु 'स्पष्टपणे' हा शब्द आला नाही. मॅक्युलॉक विरुद्ध मेरिलँड (१८१९) प्रकरणात मार्शल यांनी याच अभावावर बोट ठेवले. बँक स्थापण्याचा अधिकार घटनेत नमूद नसला, तरी नमूद अधिकारांच्या अंमलबजावणीसाठी 'आवश्यक व योग्य' साधन म्हणून तो काँग्रेसला आहे आणि राज्याला त्या बँकेवर कर लावता येणार नाही, असा निकाल त्यांनी दिला. पुढील काळात संघाच्या सत्तेचा विस्तार याच वाटेने झाला. तथापि संघशासन राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपला कायदा राबवण्याचा हुकूम देऊ शकत नाही, हे प्रिंट्झ प्रकरणात (१९९७) ठरले. राज्यांना निदेश देण्याचा अधिकार केंद्राला देणारे आपले अनुच्छेद २५६ व २५७ त्याशेजारी ठेवून वाचावेत.

कायद्याची उचित प्रक्रिया

कायद्याच्या उचित प्रक्रियेवाचून कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, ही पाचव्या दुरुस्तीतील (१७९१) हमी केवळ संघशासनापुरती होती. बॅरन प्रकरणात (१८३३) न्यायालयाने हक्कांच्या सनदेबाबत तसे स्पष्ट केले. यादवी युद्धानंतर चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) तीच हमी राज्यांविरुद्ध दिली. पुढे १९२५ च्या गिटलो प्रकरणापासून हक्कांच्या सनदेतील एकेक हक्क या 'उचित प्रक्रिये'त समाविष्ट मानून राज्यांना लागू करण्यात आला. म्हणजे एखाद्या राज्यातील आरोपीला वकील मिळण्याचा हक्क (गिडियन, १९६३) याच दोन शब्दांच्या आधाराने उभा आहे.

परंतु 'प्रक्रिया' या शब्दात आशयही येतो काय? बेकरी कामगारांचे काम दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांपुरते मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा १९०५ च्या लॉकनर निकालाने रद्द झाला, तो करारस्वातंत्र्य 'उचित प्रक्रिये'त येते या आधारावर. १९३७ मध्ये न्यायालयाने ही भूमिका सोडली. त्यानंतर त्याच शब्दांतून खासगीपणाचा आणि गर्भपाताचा हक्क (रो, १९७३) निघाला. आणि २४ जून २०२२ रोजी डॉब्स निकालाने तो परत घेतला गेला. सुमारे ४९ वर्षे अस्तित्वात असलेला हक्क संहितेतील एकही अक्षर न बदलता गेला. पुरोगामी आणि पुराणमतवादी दोहोंनी हे शब्द आलटून पालटून वापरले आहेत.

आपल्या घटनाकारांना हा धोका ठाऊक होता. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत गेले असता न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी, या कलमामुळे न्यायाधीशांच्या हाती लोकशाहीशी विसंगत असा नकाराधिकार जातो, असे मत त्यांना सांगितले. मसुदा समितीने 'उचित प्रक्रिया'ऐवजी जपानच्या घटनेतील 'कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती' हे शब्द स्वीकारले. १३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दोन्ही बाजू मांडल्या. पक्षाच्या बहुमताने भरलेले विधिमंडळ हक्क तुडवू शकते, तर मूठभर न्यायाधीशांच्या व्यक्तिगत कलावर कायद्याचे भवितव्य सोपवणेही कठीण. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात, लॉकनर निकालाचा प्रभाव ओसरला नसताना, शिकलेल्या या अभ्यासकाने निर्णय सभेवर सोपवला. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेसंबंधीचा आजचा अनुच्छेद २२ मांडताना, आधीच्या कलमाने संसदेला मोकळीक दिल्याची भरपाई म्हणून तो आणल्याचे त्यांनी सांगितले.

गोपालन (१९५०) प्रकरणात बहुमताने त्या शब्दांचा संकुचित अर्थ घेतला. मनेका गांधी (१९७८) प्रकरणात कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असलीच पाहिजे असे ठरले. वगळलेली संकल्पना अशा रीतीने अन्वयार्थाच्या वाटेने परत आली. तत्पूर्वी, पोलिसांच्या पाळतीसंबंधीच्या गोबिंद प्रकरणात (१९७५), आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा विचार करताना रो निकालाचा आधार घेतला होता. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. रो आता अमेरिकेत कायदा राहिलेला नाही. पुट्टस्वामी निकाल मात्र भारतात बंधनकारक आहे.