कण्हेर लावावी की अडुळसा?

घराभोवतालची जागा थोडी, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि मोकाट जनावरांचा उपद्रव, अशा परिस्थितीत बाग करू इच्छिणाऱ्यास काटक झुडपांचीच निवड करावी लागते. भारताच्या बहुतेक भागांत सहज मिळणारी अशी दोन सदाहरित झुडपे म्हणजे कण्हेर आणि अडुळसा. दोन्ही फांद्यांच्या तुकड्यांपासून लावता येतात, दोन्ही छाटणी सोसतात आणि दोहोंनाही जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. तथापि जनावरे ती का टाळतात याची कारणे भिन्न आहेत, आणि निवड करताना तीच प्रथम ध्यानात घ्यावयास हवीत.

कण्हेरीची पाने अरुंद, जाड व चिवट असून बहुधा तीन-तीनच्या मंडलांत येतात. पानाच्या खालच्या बाजूस सूक्ष्म खळगे असतात. पर्णरंध्रे या खळग्यांत दडलेली असून त्यांभोवती बारीक केस असतात. त्यामुळे कोरडा वारा रंध्रांपर्यंत सहजी पोहोचत नाही व पाण्याची वाफ कमी होते. रस्त्यांच्या दुभाजकांवर ऊन, धूळ व धूर सोसूनही कण्हेर फुलते, यामागील एक कारण हेच होय. भरपूर ऊन मिळाल्यास तिला गुलाबी, पांढरी वा तांबडी फुले वर्षातील बराच काळ येतात.

परंतु संस्कृतात तिला ‘अश्वमारक’ म्हणजे घोड्यास मारणारी असे नाव आहे, ते उगीच नव्हे. तिच्या सर्व भागांत हृदयाची लय बिघडविणारी विषारी द्रव्ये असतात. त्यांपैकी ओलिअँड्रिन हे प्रमुख होय. पाने वाळल्याने हे विष नाहीसे होत नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळू देऊ नयेत आणि सरपण म्हणूनही जाळू नयेत. बिट्टी किंवा पिवळी कण्हेर ही वनस्पती निराळी. पण तिच्या बियाही तितक्याच घातक असतात.

अडुळशाचे संरक्षण मुख्यतः त्याच्या कडू चवीत व उग्र वासात आहे. ‘आधाटोडा’ हे त्याचे शास्त्रीय नाव ज्या तमिळ नावावरून आले, त्याचा अर्थच ‘शेळी ज्याला शिवत नाही ते’ असा आहे. त्याची पाने रुंद व समोरासमोर असतात. जांभळ्या रेषांची पांढरी फुले हिवाळ्यापासून वसंतापर्यंत येतात आणि त्यांवर मधमाश्या येतात. अर्धवट सावलीतही तो तग धरतो. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झीन हे औषध तयार झाले. तथापि पानांचा काढा वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होत असल्याने गर्भवती स्त्रियांनी तो विशेषेकरून टाळावा.

सारांश, घरात लहान मुले किंवा गोठ्यात गुरे असतील, तर कुंपणाला अडुळसाच लावावा. त्याची फुले फार डोळ्यांत भरत नाहीत. पण गळलेल्या प्रत्येक पानावर लक्षही ठेवावे लागत नाही. मोकळी, उन्हाची आणि मुलांच्या वावरापासून दूर असलेली जागा असेल, तर कण्हेर अवश्य लावावी. मात्र छाटणीनंतर हात धुवावेत व कचरा खोल पुरावा. कोणी चुकून कण्हेर खाल्लीच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे व झाडाचा तुकडाही सोबत घ्यावा.

झुडूप काटक आहे एवढ्यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही. ते स्वतःचे रक्षण कशाने करते, हे पाहूनच त्याला अंगणात जागा द्यावी.