बाकावरच्याची मिनिटे

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी तीन वर्षे होतो. म्हणजे संघाच्या फोटोत होतो. मैदानावर उतरायचो ते सामना खिशात आल्यावर, नाहीतर पुरता हातचा गेल्यावर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सरांनी मला एक मिनिटही दिले नाही. आम्ही चार गुणांनी हरलो, आणि ते चार गुण मी नक्की केले असते, हे माझे मत पुढे कैक वर्षे टिकून होते. त्यामुळे एन.बी.ए.च्या प्ले-ऑफमध्ये चांगला राखीव खेळाडू बसलेला दिसला की 'अहो, त्याला उतरवा ना!' असे अजूनही तोंडून निघते. तिकडचा रात्रीचा सामना इकडे सकाळी, चहाच्या वेळी असतो. घरच्यांना याची सवय आहे.

पण हिशेब पाहा. सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर पाच जण. म्हणजे वाटायला मिनिटे २४०. एकाला वाढवून द्यायची तर दुसऱ्याच्या ताटातून काढावी लागतात. प्ले-ऑफमध्ये तर मुख्य खेळाडूंनाच जास्त वेळ खेळवतात. राखीवांना उरतो तो तळाशी लागलेला भात.

२०१५ सालची गोल्डन स्टेट वॉरियर्सची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. आंद्रे इगुडाला त्याआधी ७५८ सामने खेळला होता आणि सगळेच्या सगळे पहिल्या पाचांत. त्या मोसमात स्टीव्ह कर हे प्रशिक्षक म्हणून नवे आले आणि त्यांनी त्याला राखीव बसवले. साखळीतल्या ७७ सामन्यांपैकी एकाचीही सुरुवात त्याने केली नाही. आदळआपट करायला त्याच्याकडे माझ्याहून किती तरी चांगले कारण होते!

अंतिम मालिकेत क्लीव्हलँडने २-१ अशी आघाडी घेतली. लेब्रॉन जेम्स आवरेना. तेव्हा करांच्या हाताखालच्या निक यूरेन या २८ वर्षांच्या सहायकाने सुचवले, की सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला बसवा आणि इगुडालाला सुरुवातीपासून खेळवा. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनिओने बोरिस डियॉला असेच पुढे आणले होते, ते त्याने पाहून ठेवले होते. करांनी ऐकले, आणि सामन्याआधी पत्रकारांना मात्र खरे सांगितले नाही. चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडने ७-० अशी सुरुवात केली. मी कप खाली ठेवला. पुढे वॉरियर्सनी १०३-८२ असा तो सामना जिंकला; इगुडालाचे गुण २२.

मौज पुढेच आहे. त्याच सामन्यात क्लीव्हलँडचा उंच सेंटर मॉझगॉव्हने २८ गुण केले. अशा खेळाडूला पुढच्या सामन्यात किती मिनिटे मिळावीत? नऊ! वॉरियर्सच्या बुटक्या, पळत्या संघाबरोबर धावायला तो जड पडत होता. २८ गुण करून मनुष्य बाकावर! तेव्हा पात्रता हा शब्द घेऊन प्रशिक्षकाशी भांडण्यात फारसा अर्थ नाही. समोर कोण आहे आणि आपल्याला काय झोंबते आहे, एवढेच तो बघतो. इगुडाला साखळीत सरासरी २७ मिनिटे खेळत होता, अंतिम मालिकेत ३७. माणूस तोच. गरज बदलली होती.

वॉरियर्सनी ४-२ अशी मालिका जिंकली, ४० वर्षांनी विजेतेपद आले. सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत अकरापैकी सात मते इगुडालाला पडली, उरलेली चार हरलेल्या लेब्रॉनला. साखळीत एकदाही सुरुवात न करता हा मान मिळवणारा तो पहिलाच.

बोगटबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्या वर्षी तो लीगच्या दुसऱ्या बचावपथकात निवडला गेला होता. म्हणजे कामात कसूर नव्हती. चौथ्या सामन्यात त्याला तीन मिनिटेही मिळाली नाहीत; पाचव्या आणि सहाव्यात शून्य. मी त्या सकाळी इगुडालासाठी टाळ्या वाजवत होतो, आणि बोगट माझ्या लक्षातच आला नव्हता.

आमच्या त्या अंतिम सामन्यात माझ्या जागी जो मुलगा पूर्ण वेळ खेळला, तो माझ्याहून चार इंच उंच होता. समोरचा सेंटर त्याच्याहूनही उंच. हे मला बाकावरून तेव्हाही स्वच्छ दिसत होते. सरांचा राग मी तरीही सोडला नाही, ती गोष्ट वेगळी.