कंडरेची पाठ आणि बांबूची पाठ

धनुष्य ओढताना तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते आणि निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. पाठीवरचा एक तंतू उचकटला की तडा आत पसरतो. तेवढीच ओढ आखूड लाकडाला जास्त वाकवते, म्हणून आखूड धनुष्याला ही भीती अधिक.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जमातींनी यावर उपाय काढला. जनावराच्या पायाची कंडरा वाळवून, ठेचून तिचे तंतू सोडवायचे आणि ते कोमट सरसात भिजवून पाठीवर थरांनी बसवायचे. न तुटता कंडरा लाकडाच्या कितीतरी पट ताणली जाते. शिवाय वाळताना ती आकसते आणि धनुष्याच्या दोन्ही भुजांना पाठीकडे खेचून घेते. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा इशी हा माणूस १९११ मध्ये ओरोव्हिलला सापडला. त्याच्याकडून ही विद्या शिकलेल्या डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी १९२३ मध्ये नाना देशांच्या धनुष्यांचा जोर आणि पल्ला मोजून अभ्यास प्रसिद्ध केला.

भारतात कंडरा दरबारी कमानीत दिसते: पोटाला म्हशीचे शिंग, मध्ये लाकूड, पाठीला कंडरा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग सांगितले आहे. स्नायू, म्हणजे कंडरा, येते ती दोरीच्या यादीत, बांबूच्या शेजारी. भिल्लांच्या तीरकामठ्याची दोरी आजही बांबूच्या सालपटाची असते आणि दांडाही बांबूचाच. बांबूचे चिवट तंतू सालीलगत दाटलेले असतात. कंडरेने लाकडाला जे मिळते, ते बांबूला जन्मतःच आहे. आदिवासी कारागिरीच्या या निवडीला साधेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

नाशिकच्या सातपूरला कंडरेचा कामठा करायचा तर लाकूड धामणीचे घ्यावे. तिची लवचीकता जुन्या काळापासून माहीत आहे. हरणाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि गायीबरोबर बैलाच्याही कत्तलीवर राज्यात २०१५ पासून बंदी आहे. म्हणून कंडरा म्हशीची. आधी दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोट तासायचे, मग थर द्यायचे आणि काही महिने सावलीत वाळवायचे. यात घाई अजिबात चालत नाही.

तयार कामठ्याच्या चाचणीत दोरी टप्प्याटप्प्याने ओढून काट्यावरचा जोर आलेखावर नोंदवतात. सातपूरच्या कारखान्यांतल्या माणसाला हा आलेख स्प्रिंगच्या चाचणीतून ओळखीचा आहे. रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. समजा, दोरी ४० सेंटिमीटर मागे गेल्यावर जोर १८ किलो भरला आणि रेषा जवळपास सरळ आली, तर सुमारे ३५ ज्यूल साठले. २५ ग्रॅमचा बाण सेकंदाला ४५ मीटर वेगाने सुटला, तर त्याने २५ ज्यूल नेले. उरलेले बहुतेक भुजा आणि दोरी हलवण्यात जातात. कंडरा लाकडाहून जड असल्याने टोकांकडे थर पातळच हवा. लांब धनुष्यावर तर तिचे वजन फायदा खाऊन टाकते. दोरी उतरवल्यावर भुजा पोटाकडे किती वाकलेल्या राहतात, हेही प्रत्येक वेळी मोजावे.

ही मोजमापे मे महिन्यात घेतली तरी जुलैत पुन्हा घ्यावी लागतात. सरस आणि कंडरा दोन्ही हवेतला ओलावा शोषतात आणि जोर उतरतो. म्हणूनच दरबारी कमानींना रोगणाचा लेप देत, आणि शस्त्रागारात वर्षानुवर्षे ठेवता येईल असे पोलादी धनुष्यही भारतात घडवले गेले.