मलय लोकांचा ‘सेमंगात’: भुतांपेक्षा बुजरा जीव

मलय जादूटोणा म्हटलं की पोंतियानाकच आठवते, म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. सिनेमांनी तिला फार मोठं केलं आहे. आम्हाला मात्र या समजुतींची किल्ली भुतांपेक्षा ‘सेमंगात’ या एका शब्दात दिसते.

सेमंगात म्हणजे जीवातलं बळ. ते माणसात असतं, तसं भातातही असतं, आणि ते फार बुजरं असतं. आपण ‘त्यानं हाय खाल्ली’ म्हणतो ना, तशा माणसाचा सेमंगात उडून गेला, असं मलय खेड्यात मानत. मग बोमो, म्हणजे तिथला वैदू-मांत्रिक, तांदूळ टाकून ‘कुर्र, सेमंगात’ अशी हाक घाली. कोंबड्यांना बोलावतात ना, तीच ही हाक. भ्यालेलं पाखरू दटावून थोडंच परत येतं!

भाताचंही तसंच. सेलांगोरात नोकरीला असलेले इंग्रज अधिकारी स्कीट यांनी 1900 साली ‘मलय मॅजिक’ हे पुस्तक काढलं, त्यात कापणीचं वर्णन आहे. पहिल्या सात लोंब्या कापून तान्ह्या बाळासारख्या गुंडाळायच्या, टोपलीत घालून घरी आणायच्या आणि घरात बाळंतिणीची पथ्यं पाळायची. कापायला ‘तुआई’, मुठीत लपेल एवढंसं पातं. मोठा विळा दिसला तर भाताचा जीव घाबरेल ना! एकेक लोंबी अशी खुडायची, म्हणजे किती वेळ जात असेल बघा.

बोमोच्या मंत्राला ‘मंतेरा’ म्हणतात; शब्द आपल्या ओळखीचाच. त्यात बतारा गुरू, म्हणजे शिव, येतो आणि शेवटी अल्लाचं नावही येतं. म्हणणाऱ्याला त्यात काही खटकत नसे.

पुढे इतरांना खटकू लागलं. केलांतान आणि तेरेंगानूमध्ये ‘मायिन पुतेरी’ नावाचा उपचार आहे. रबाब वाजतो, बोमोच्या अंगात येतं, वाजवणारा त्याला प्रश्न विचारतो. माणसाच्या आत ‘आंगिन’, म्हणजे वारा असतो, हौस-स्वभावाचा. तो कोंडला की आजार, अशी समजूत. मग रोग्यालाही नाचू देतात, हवं ते सोंग घेऊ देतात. कॅरल लेडरमन यांनी तेरेंगानूत राहून यावर 1991 साली पुस्तक लिहिलं. त्याकडे त्या नुसती अंधश्रद्धा म्हणून बघत नाहीत, आम्हीही नाही.

1990च्या दशकात केलांतानच्या राज्य सरकारनं धर्माला धरून नाही म्हणत अशा जाहीर खेळांवर बंदी घातली. खेड्यांतल्या घरांतून मात्र, रोगी असेल तिथे, रबाब वाजत राहिला.