करंगळीला मुंग्या? आधी हँडल तपासा

नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या पट्ट्यात रोज दुचाकीवर अपडाऊन करणारे शिक्षक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, हप्ते वसुलीला फिरणारी पोरे यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: गाडीवरून उतरले की हाताला मुंग्या येतात. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला. हँडल बदलून टाका! सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. काय बदलायचे, ते कोणती बोटे बधिर होतात यावर ठरते.

करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर होत असेल, तर बहुधा अल्नर नस दाबली जात आहे. ही नस मनगटापाशी करंगळीच्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून तळव्यात उतरते. हँडल खाली आणि लांब असले की धडाचा भार तळहातांवर येतो आणि नेमकी हीच जागा मुठीवर रेटली जाते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत हा त्रास इतका परिचित आहे, की वैद्यकशास्त्रात त्याला ‘हँडलबार पाल्सी’ असेच म्हणतात. अशांना थोडे उंच आणि स्वाराकडे वळलेले हँडल खरोखर उपयोगी पडते.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर गोष्ट वेगळी. इथे मीडियन नस दाबली जाते आणि मनगट सतत मागे वाकलेले राहणे हे त्याचे एक कारण असते. एक्सलेटर पिळून धरावा लागत असल्याने उजव्या हाताला हा त्रास अधिक. यासाठी नवे हँडल घेण्याआधी जुनेच फिरवून पाहा. साध्या गाड्यांचे नळीचे हँडल क्लॅम्पच्या बोल्टांनी आवळलेले असते; ते ढिले करून हँडल मागेपुढे करता येते. ब्रेक-क्लचचे लिव्हरही वरखाली होतात. सीटवर नेहमीसारखे बसून लिव्हरवर बोटे ठेवली असता कोपर, मनगट आणि बोटे एका रेषेत यायला हवीत. काम दहा मिनिटांचे. बोल्ट मात्र पुन्हा सारखे आणि घट्ट आवळून घ्या.

बुलेटवर हौसेने चढवलेल्या अतिउंच हँडलाची शिफारस मात्र करवत नाही. हात खांद्याच्या पातळीला गेले की खांदे आणि मान अवघडते. शिवाय पाठ अगदी ताठ राहिल्याने सगळा भार बुडाखाली जातो आणि प्रत्येक खड्डा थेट कण्यात बसतो. राष्ट्रीय महामार्ग 361 वर हे एकवेळ चालून जाईल. फाट्यावरून गावाकडे वळलात की कंबर बोलू लागते. किंचित पुढे झुकलेली बैठक अशा रस्त्यावर बरी.

हँडल बदललेच, तर केबल आणि ब्रेकचा पाइप पुरतो का ते बघा. इंजिन सुरू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर एक्सलेटरची केबल ताणली जात आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. म्हणून मापात मोठा फरक असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारलेले बरे.

गाडी आठ-दहा दिवस बंद ठेवूनही मुंग्या राहिल्या, रात्री त्यांनी जाग येऊ लागली, शर्टाचे बटण लावताना बोटे चुकू लागली किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल गेलेला दिसला, तर मात्र मेकॅनिककडे जाऊ नका. नस दीर्घकाळ दाबली गेली तर हाताची ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. मधुमेह, थायरॉईड किंवा मानेतील मणक्याचा त्रास यांचीही लक्षणे अशीच असू शकतात. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत अस्थिरोग विभागात दाखवा. जाताना रक्तातील साखर तपासून घ्या आणि नेमकी कोणती बोटे बधिर होतात ते डॉक्टरांना सांगा.