जप तर चालूच असतो

‘जप’ म्हटले की देवघरात माळ घेऊन बसलेले आजोबा आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. जप हे उतारवयातले काम, कॉलेजातल्या मुलामुलींचा त्याच्याशी काय संबंध, असा आपला समज असतो. पण थोडे आत डोकावून पाहिले तर असे दिसेल की आपण सगळेच दिवसभर जप करीत असतो. फक्त त्याचे शब्द आपण निवडलेले नसतात. ‘मला जमणार नाही’, ‘माझे इंग्रजी कच्चे’, ‘चारचौघांत बोलायला उठलो तर हसतील’, ही वाक्ये वर्गात, एस.टी.त, अंथरुणावर पडल्यावर मनात किती वेळा फिरतात, हे मोजायला १०८ मण्यांची माळ पुरायची नाही.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून किंवा भाटघरच्या पाण्यापलीकडल्या गावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला हा उलटा जप विशेष ओळखीचा असतो. पुण्याच्या मुलांसमोर त्याला आपली बोली लपवावीशी वाटते, निकालाच्या दिवशी तोंड लपवावेसे वाटते. दुसऱ्या कोणाशी आपण जे शब्द कधी वापरणार नाही, ते स्वतःशी बिनदिक्कत वापरतो. अशा वेळी आपल्या परंपरेतील मंत्रजप स्वतःविषयीची आपुलकी वाढवायला उपयोगी पडेल का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला फार दूर जायला नको. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुक्यात शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) येथे दासबोध सांगितला, असे परंपरा मानते. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवरण आहे आणि त्यात नामस्मरणाला स्वतंत्र समास दिला आहे. खुद्द समर्थांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, असे सांगतात. हिशेब केला तर रोजचा जप तीस हजारांच्या घरात जातो! त्याच मंत्राचा प्रसार पुढे गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) संसारी माणसांत केला.

मात्र आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे ‘मनाचे श्लोक’. त्यात २०५ श्लोक आहेत. समर्थ मनाला उपदेश करतात, प्रसंगी कानउघाडणीही करतात. परंतु दुसऱ्याच श्लोकात ते त्याला ‘सज्जन’ म्हणून हाक मारतात. मन चंचल आहे, हट्टी आहे, हे ठाऊक असूनही आधी त्याला मान दिला आहे. आपण मात्र स्वतःच्या मनाला उठता-बसता ‘मूर्ख’ म्हणतो आणि मग ते आपले ऐकत नाही म्हणून तक्रार करतो!

येथे कोणी विचारील, संतांनी तर स्वतःला पतित, पामर म्हटले आहे. मग त्यांच्या मार्गाने स्वतःविषयी प्रेम कसे वाटावे? शंका रास्त आहे. पण संतांचे ते बोलणे कोणासमोर आहे, हे पाहिले पाहिजे. मूल आईच्या कुशीत शिरून आपली चूक सांगते, तसे ते आहे. त्यांचा विठोबा ‘माउली’ आहे. तो टाकून देणार नाही, याची खात्री असल्यामुळेच इतके उघड बोलता येते. आपल्या भोर तालुक्यात उगम पावणारी नीरा पुढे वारीच्या वाटेवर येते आणि तेथे ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना तिच्या पाण्यात स्नान घालतात. त्या वाटेवर प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो. म्हणजेच कोणीतरी आपल्याही पाया पडतो. आपण जसे आहोत तसे नमस्काराला पात्र आहोत, हा अनुभव तेथे शेतमजुरालाही मिळतो.

बौद्ध परंपरेतील मैत्रीभावनेत हीच गोष्ट स्पष्टपणे सांगितली आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथानुसार ‘मी सुखी होवो’ अशा भावनेने सुरुवात करायची. मग ती आपल्या आवडत्या माणसाकडे, तिऱ्हाइताकडे आणि अखेरीस वैऱ्याकडे वळवायची. स्वतःला वगळून जगावर प्रेम करता येत नाही, हे त्यामागचे साधे गणित आहे. हा अहंकार नव्हे. अहंकाराला दुसरा कोणीतरी खाली लागतो. आपुलकीला तशी गरज नसते.

आधुनिक शास्त्रानेही या विषयाची दखल घेतली आहे. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे मांडले की, एखादा शब्द शांतपणे पुनःपुन्हा उच्चारल्याने शरीराचा ताण उतरतो. तो शब्द कोणत्या धर्माचा आहे, यावर ते अवलंबून नसते. इटलीतील संशोधकांनी २००१ साली २३ जणांवर केलेल्या प्रयोगात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र, दोन्हींच्या उच्चाराने श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाल्याचे आढळले. श्वास संथ झाला की छातीतली धडधड कमी होते आणि धडधड कमी झाली की मनही जरा मोकळे होते. जात्याशी बसून ओवी गाणाऱ्या आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत होते. पहिली ओवी देवाला वाहायची आणि मग जात्याच्या लयीत मनातले सारे बोलून टाकायचे, ही त्यांची रीत होती.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहाटे किंवा झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पाठ ताठ ठेवून बसावे. आपल्या श्रद्धेचे नाम घ्यावे. श्रद्धा नसेल तर ‘शांती’ किंवा ‘मैत्री’ असा एखादा शब्द निवडावा आणि तो रोज बदलू नये. जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मोठ्याने म्हटलेला वाचिक, ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला उपांशु आणि मनातल्या मनात केलेला मानस. नवख्याने पहिल्यापासून सुरुवात करावी. मन भटकेल, दहा वेळा भटकेल. अशा वेळी त्याला रागावू नये. गुरे चारणारा पोर वाट चुकलेल्या वासराला हळूच वळवून आणतो, तसे त्याला नामाकडे वळवावे. खरा अभ्यास या वळवण्यातच आहे. रोज पंधरा मिनिटे चुकणाऱ्या मनाशी न रागावता वागण्याची सवय लागली, की तीच सवय परीक्षेत चुकलेल्या उत्तराच्या वेळी उपयोगी पडते.

अर्थात जप म्हणजे जादू नव्हे. त्याने न वाचलेला पेपर सुटणार नाही, की घरची ओढाताण मिटणार नाही. आणि मनावरचे मळभ आठवडेच्या आठवडे हटेना, जेवणझोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर केवळ माळेवर विसंबू नये. घरच्या माणसाला किंवा एखाद्या प्राध्यापकांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. मदत मागणे हीसुद्धा स्वतःवरची माया आहे.

मित्रहो, मनातला जप काही थांबायचा नाही. तो ‘मला जमणार नाही’चा चालू ठेवायचा की एखाद्या प्रेमळ नामाचा, एवढी निवड मात्र आपल्या हाती आहे. परीक्षा जवळ आल्या आहेत. अभ्यासाला बसण्यापूर्वी आपल्या मनाला एकदा ‘सज्जन’ म्हणून तर पाहा!